साठी आणि बुद्धि : उंदरांच्या परीक्षेवरून एक विचार

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण ज्याच्या कानांवरून गेली नाहीं असा मराठी माणूस विरळा. आजोबा चष्मा कोठें ठेवला हें विसरले, आजीनें एका नातवाला दुसऱ्याच्या नांवानें हांक मारली, किंवा सकाळीं सांगितलेली गोष्ट दुपारीं पुन्हां विचारली, कीं घरांतील कोणी तरी हंसून ही म्हण उच्चारतें, आणि निकाल लागतो. निकाल देणाराला आपण परीक्षकाच्या खुर्चीवर बसलों आहों याचें भानहि नसतें. प्रश्न कोणता होता, तो परीक्षार्थ्याला नीट ऐकूं गेला काय, उत्तर देण्यास त्याला पुरेसा अवकाश मिळाला काय, याची चौकशी करावी असें कोणालाच वाटत नाहीं.

वर्षांतून दोन-तीन वेळां परीक्षेस बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांचीं गुणपत्रकें हातांत घेणाऱ्या पालकांना, परीक्षा या विषयाची गोडी नसली तरी ओळख खचित आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत एका निराळ्याच परीक्षेची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ही परीक्षा उंदरांची आहे. वार्धक्यांत स्मरणशक्तीचें काय होतें हें समजून घेण्यासाठीं जगांतील अनेक प्रयोगशाळांत ती घेतली जाते. तिच्या इतिहासावरून माझें असें मत झालें आहे कीं, डोळे, कान, पाय आणि मन यांची विचारपूस केल्यावांचून कोणाच्याहि स्मरणशक्तीवर निकाल देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. मग परीक्षार्थी पिंजऱ्यांतील उंदीर असो कीं घरांतील आजोबा असोत.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजींत 'माऊस' आणि 'रॅट' अशीं दोन निराळीं नांवें आहेत. आपण दोघांनाहि उंदीरच म्हणतों. या लेखांत पहिल्याला नुसता उंदीर आणि दुसऱ्याला मोठा उंदीर असें म्हटलें आहे. दोघांच्याहि परीक्षा होतात. किंबहुना पुष्कळशा परीक्षा प्रथम मोठ्या उंदरासाठीं निघाल्या आणि मागाहून लहानास लागू झाल्या.

उंदराचीच निवड कां, असा प्रश्न साहजिकच मनांत येईल. वार्धक्याची चाल मंद आहे. आज जन्मलेल्या बालकाचें म्हातारपण पाहण्यास आजचा प्रौढ अभ्यासक स्वतः उरणार नाहीं. उंदराचें आयुष्य मात्र, मांजर, सांपळा आणि उपासमार यांचें भय नसलेल्या प्रयोगशाळेंतहि, सुमारें २ ते २॥ वर्षांचेंच असतें. ३ ते ६ महिन्यांचा उंदीर ऐन तारुण्यांत असतो. १८ महिन्यांचा झाला कीं त्याची गणना वृद्धांत होऊं लागते. आणि २४ महिन्यांचा उंदीर म्हणजे मनुष्याच्या मानानें जवळजवळ सत्तरीचा गृहस्थ होय. शिवाय त्याच्या मेंदूची मूळ रचना पुष्कळ अंशीं आपल्यासारखीच आहे. आपल्या मेंदूच्या आंतल्या भागांत, दोन्ही कानशिलांच्या बाजूंस, घोडामाशाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या घटना ध्यानांत ठेवणें आणि ठिकाणांची ओळख ठेवणें हीं कामें त्याच्या साह्यावांचून नीट होत नाहींत. उंदरालाहि हा भाग आहे. १९७१ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत जॉन ओकीफ यांनीं असें दाखविलें कीं, मोठा उंदीर एका ठराविक जागीं आला म्हणजे या भागांतील ठराविक पेशी जागृत होतात; जणूं त्या खोलीचा नकाशाच त्याच्या मेंदूंत काढलेला असतो. या शोधाबद्दल ओकीफ यांना, नॉर्वेमधील मे-ब्रिट मोझर आणि एड्वर्ड मोझर यांच्याबरोबर, २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

प्राण्यांच्या या परीक्षेची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठाच्या विलार्ड स्मॉल यांनीं इंग्लंडांतील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेंत जो प्रसिद्ध भुलभुलैया आहे त्याच्या नमुन्यावर एक लहानसा भुलभुलैया तयार करून त्यांत मोठे उंदीर सोडले, आणि ते वाट कशी शिकतात याचा वृत्तांत १९०१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९२१ सालीं क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनीं काळ्या उंदरांचें एक कूळ वाढविण्यास आरंभ केला. पिढ्यान् पिढ्या भावंडांपासूनच वीण घेतल्यामुळें त्या कुळांतील सर्व उंदीर जुळ्या भावांप्रमाणें एकसारखे निपजूं लागले. याच लिट्ल यांनीं १९२९ सालीं अमेरिकेच्या मेन राज्यांत बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली. 'सी-५७ ब्लॅक-६' हें रुक्ष नांव धारण करणारा तो काळा उंदीर आज जगांतील प्रयोगशाळांत सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या उंदरांपैकीं एक आहे.

आतां परीक्षेचे प्रकार पाहूं. १९७९ सालीं कॅरल बार्न्स या विदुषीनें तरुण आणि म्हाताऱ्या मोठ्या उंदरांची तुलना करण्यासाठीं एक गोल मंच योजिला. मंचाच्या कडेनें १८ भोंकें, आणि त्यांपैकीं एकाच भोंकाखालीं आश्रयाची अंधारी पेटी. उघड्यावरील प्रखर उजेडाचा या प्राण्यांना तिटकारा असल्यामुळें ते ती पेटी गांठण्याची धडपड करतात. खोलींतील खुणांवरून नेमकें भोंक ध्यानांत ठेवणें ही त्यांची परीक्षा. तींत म्हाताऱ्यांच्या चुका तरुणांपेक्षां अधिक झाल्या.

दुसरी परीक्षा पाण्यांतील. ती १९८१ सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत रिचर्ड मॉरिस यांनीं प्रसिद्ध केली, आणि आज ती सर्वांत अधिक परिचित आहे. एक मोठा गोल हौद, त्यांत दूध मिसळून गढूळ केलेलें पाणी, आणि पृष्ठभागाच्या किंचित् खालीं, दृष्टीस न पडणारा, एक लहानसा चौथरा. उंदराला हौदाच्या कांठाशीं पाण्यांत सोडतात. त्याला पोहतां येतें, परंतु पाण्यांत राहणें रुचत नाहीं. म्हणून तो उभें राहण्याजोगी जागा शोधूं लागतो. प्रत्येक वेळीं निराळ्या बाजूनें सोडलें तरी, भिंतीवरील चित्रें, दार, दिवा अशा खुणांवरून चौथऱ्याची जागा ओळखून तो दिवसेंदिवस लौकर तेथें पोहोंचतो. शेवटीं एके दिवशीं चौथरा मुद्दाम काढून घेतात. ज्याला जागा आठवत असते तो रिकाम्या पाण्यांतहि त्याच ठिकाणीं पुन्हां पुन्हां घुटमळतो.

तिसरी परीक्षा फार सौम्य आहे. ती १९८८ सालीं फ्रान्समधील दोन संशोधकांनीं मांडली. दोन सारख्या वस्तु उंदरापुढें ठेवून त्या त्याला हुंगूं द्यावयाच्या. कांहीं वेळानें त्यांपैकीं एक काढून तिच्या जागीं नवी ठेवावयाची. जुनी वस्तु आठवत असेल तर उंदीर नवीकडे अधिक वेळ घालवितो. येथें शिक्षा नाहीं, भूक नाहीं, पाणी नाहीं. केवळ त्याचें कुतूहलच त्याच्या वतीनें उत्तर देतें. चौथ्या प्रकारांत एक विशिष्ट स्वर ऐकवून पायांना विजेचा सौम्य धक्का देतात. दुसऱ्या दिवशीं नुसता स्वर ऐकतांच उंदीर भीतीनें निश्चल झाला, तर त्याला कालची आठवण आहे असें समजतात.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, यांतील प्रत्येक परीक्षेंत स्मरणशक्तीबरोबर आणखीहि कशाची तरी परीक्षा नकळत होत असते. पाण्यांतील परीक्षेंत डोळे आणि पाय लागतात. स्वराच्या परीक्षेंत कान लागतात. हुंगण्याच्या परीक्षेंत नाक आणि निर्भय मन लागतें. आणि वार्धक्य स्मरणशक्तीवर घाला घालो वा न घालो, डोळे, कान आणि पाय यांना तें सहसा सोडीत नाहीं.

समजा, एका २४ महिन्यांच्या उंदरास चौथरा गांठण्यास तरुणाच्या दुप्पट वेळ लागला. तो जागा विसरला काय? कदाचित् विसरला असेल. कदाचित् त्याचे पाय थकले असतील. म्हणून जाणता परीक्षक केवळ घड्याळाकडे पाहत नाहीं. कॅमेऱ्यानें उंदराचा मार्ग टिपून तो किती अंतर पोहला हेंहि तो मोजतो. जो हळू परंतु सरळ चौथऱ्याकडे गेला त्याला सर्व कांहीं आठवत आहे. फक्त त्याची चाल मंद झाली आहे. याच्या उलट जो वेगानें हौदभर भटकला तो तरुण असला तरी जागा विसरलेलाच आहे. घड्याळानें नापास ठरविलेला म्हातारा या दुसऱ्या मापानें कित्येकदां उत्तीर्ण होतो.

दृष्टीचीहि अशीच शहानिशा करतात. चौथरा पाण्याच्या वर आणून किंवा त्यावर निशाण लावून तो डोळ्यांना दिसेल असा ठेवतात. येथें आठवण्याचें कांहींच कारण नाहीं. दिसलें कीं पोहत जावें, एवढेंच काम. एवढ्यांतहि जो चुकतो त्याचा दोष स्मरणशक्तीकडे लावणें हा शुद्ध अन्याय होय. ही शंका काल्पनिक नाहीं. 'सी-३-एच' आणि 'एफ-व्ही-बी' या नांवांच्या कुळांतील उंदरांच्या डोळ्यांचा पडदा आनुवंशिक दोषामुळें जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत झिजून जातो. अशा आंधळ्या उंदराला भिंतीवरील खुणांवरून वाट शोधावयास लावून 'याला कांहीं आठवत नाहीं' असा शेरा मारला, तर त्या शेऱ्याला काय किंमत? वर सांगितलेल्या काळ्या उंदराचे कान असेच दगा देतात. तरुणपणींच त्याला उंच स्वर ऐकूं येईनासे होऊं लागतात, आणि म्हातारपणापर्यंत तो पुष्कळसा बहिरा होतो. त्याला स्वर ऐकवून 'हा घाबरला नाहीं, म्हणजे विसरला' असें म्हणणें, हें बंद दारावर हळूच टिचकी मारून 'घरांत कोणी नाहीं' असें ठरविण्यासारखें आहे.

गारठ्याचाहि विचार करावा लागतो. लहान शरीराची ऊब पाण्यांत लौकर जाते, आणि म्हाताऱ्या प्राण्यांना हा गारठा अधिकच बाधतो. म्हणून दोन फेऱ्यांमध्यें त्यांना पुसून, ऊब देऊन विसांवा द्यावा लागतो. कांहीं उंदीर तर पोहण्याचा नाद सोडून पाण्यावर नुसते तरंगत राहतात. अशा उंदराला 'ढ' ठरविणारा परीक्षक स्वतःच ढ होय. कारण ज्यानें उत्तरपत्रिकाच लिहिली नाहीं त्याचे गुण तो मोजीत बसला आहे.

येथवर परीक्षार्थ्याच्या अडचणी झाल्या. परीक्षकाचे दोष याहून सूक्ष्म असतात. १९६३ सालीं रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोडे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं विद्यार्थ्यांना मोठे उंदीर वांटून दिले. कांहींना सांगितलें कीं, तुमचे उंदीर भुलभुलैयांत हुषार ठरलेल्या वंशांतील आहेत. इतरांना सांगितलें कीं, तुमचे मंदबुद्धि वंशांतील आहेत. वस्तुतः सारे उंदीर एकाच प्रकारचे होते. तरीहि 'हुषार' म्हणून दिलेल्या उंदरांचे निकाल अधिक चांगले लागले. ज्या विद्यार्थ्यांना आपला उंदीर हुषार वाटला त्यांनीं त्याला अधिक मायेनें हाताळलें होतें, असें त्यांच्याच सांगण्यावरून दिसून आलें. परीक्षकाच्या मनांतील अपेक्षा त्याच्या हातांतून उतरून मुक्या प्राण्यापर्यंत पोहोंचते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं आणि पालकांनीं कोरून ठेवण्याजोगी आहे. याच कारणास्तव चांगल्या प्रयोगांत कोणत्या उंदराला औषध दिलें आणि कोणाला दिलें नाहीं, हें गुण देणाराला कळूं देत नाहींत.

१९९९ सालीं आणखी एक नम्र करणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस डुडेक यांनीं पोर्टलंड, एड्मंटन आणि ऑल्बनी या तीन गांवच्या प्रयोगशाळांत त्याच कुळांचे उंदीर, तींच उपकरणें आणि तोच क्रम ठेवून एकाच परीक्षा घेतल्या. सर्व कांहीं सारखें ठेवण्याची त्यांनीं पराकाष्ठा केली. तथापि कांहीं परीक्षांचे निकाल तीन ठिकाणीं निरनिराळे आले. एड्मंटन येथील परीक्षकास उंदरांची बाधा होत असे, म्हणून तो तोंडावर श्वसनयंत्र लावून काम करीत होता. असल्या बारीकसारीक फरकांनीं उंदरांच्या वागण्यावर किती परिणाम होतो हें नेमकें सांगणें कठीण, असें त्या शास्त्रज्ञांनीं प्रांजळपणें लिहून ठेविलें. सारांश, एका जागीं, एका दिवशीं, एका परीक्षकानें दिलेला निकाल हा निकाल नव्हे. ती केवळ एक साक्ष होय.

मग या सर्व गाळणींतून शेवटीं काय उरतें? वार्धक्यांत स्मरणशक्ति मुळींच क्षीण होत नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. दृष्टि, श्रवण, चाल, गारठा या सर्वांची वजाबाकी केल्यावरहि कित्येक वृद्ध उंदरांना नवी जागा शिकण्यास अधिक दिवस लागतात, हें सत्य आहे. परंतु 'कित्येक' या शब्दाकडे दुर्लक्ष होतां कामा नये. मिकेला गॅलघर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत म्हाताऱ्या मोठ्या उंदरांपैकीं कांहीं स्पष्टपणें मागें पडलेले आढळले, तर कांहींनीं तरुणांच्या बरोबरीनें काम केलें. वय सारखें, अन्न सारखें, पिंजरा सारखा. तरीहि एकाची स्मृति मंदावली, दुसऱ्याची शाबूत राहिली. पुढें १९९६ सालीं पीटर रॅप आणि गॅलघर यांनीं हिप्पोकॅम्पसमधील पेशींची गणती केली. तेव्हां ज्या वृद्ध उंदरांची स्मृति मंदावली होती त्यांच्याहि तेथील पेशींची संख्या तरुणांइतकीच भरली. म्हातारपणीं मेंदूंतील पेशी भराभर मरून जातात आणि म्हणून बुद्धि जाते, ही जी सर्वसाधारण समजूत आहे तिला या गणतीनें मोठा धक्का दिला. दोष पेशींच्या मरणांत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असावा, असा विचार त्यामुळें बळावला. आणि जें मेलें नाहीं त्याला उत्तेजन देतां येण्याची आशाहि उत्पन्न झाली.

ती आशा अगदींच पोकळ नाहीं. २००५ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत हेन्रिएट व्हॅन प्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा अनुभव प्रसिद्ध केला कीं, १९ महिन्यांच्या, जन्मभर बैठें जीवन घालविलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यांत धांवण्याचें चाक ठेवलें असतां, सुमारें महिन्याभरानें ते पाण्यांतील चौथऱ्याची जागा चाक न मिळालेल्या आपल्या सोबत्यांपेक्षां लौकर शिकले. म्हातारपणीं सुरू केलेला व्यायामहि अगदींच उशिराचा ठरला नाहीं.

येथें दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही भारदस्त आहेत. पहिला असा कीं, उंदराच्या परीक्षेवरून मनुष्याविषयीं काय सांगतां येणार? या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. स्मृतिभ्रंशाचा जो अल्झायमर नांवाचा रोग मनुष्यास होतो तो उंदरास आपण होऊन होत नाहीं. त्याच्या अनुवंशांत फेरफार करून त्या रोगाचीं कांहीं लक्षणें त्याच्यांत उत्पन्न करावीं लागतात. १९९९ सालीं अशा उंदरांना एक लस टोंचल्यावर त्यांच्या मेंदूंतील रोगाचे सांके कमी झाल्याचें दिसलें, आणि २००० सालीं लस टोंचलेले उंदीर पाण्यांतील परीक्षेंतहि सुधारल्याचें प्रसिद्ध झालें. मोठ्या उमेदीनें माणसांवर प्रयोग सुरू झाले. परंतु लस मिळालेल्या सुमारें ३०० रुग्णांपैकीं १८ जणांच्या मेंदूस दाह झाल्यामुळें २००२ सालीं लस टोंचणें थांबवावें लागलें. उंदीर उत्तीर्ण झाला म्हणजे मनुष्य उत्तीर्ण झाला असें नव्हे. उंदराची साक्ष ऐकावी. तिच्यावरून मनुष्याचा खटला निकालांत काढूं नये.

दुसरा आक्षेप दयेचा आहे. 'मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो' असें आपल्याकडे म्हणतात. आपल्या ज्ञानासाठीं मुक्या जीवास पाण्यांत टाकणें, भिवविणें आणि बहुधा शेवटीं मारणें, याचा हिशेब द्यावा लागतो, ही जाणीव शास्त्रज्ञांनाहि झाली आहे. १९५९ सालीं रसेल आणि बर्च या इंग्रज लेखकांनीं तीन नियम सांगितले : जेथें प्राण्यावांचून काम भागेल तेथें प्राणी वापरूं नये; वापरणें प्राप्त झाल्यास शक्य तितके थोडे वापरावे; आणि त्यांना शक्य तितका कमी त्रास द्यावा. आपल्या देशांत १९६० सालच्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्यान्वयें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद आहे, आणि संस्थेंतील नीतिसमितीच्या संमतीवांचून ते करतां येत नाहींत. परंतु माझ्या मतें या नियमांच्याहि मुळाशीं एक अधिक साधा नियम आहे : जी परीक्षा सचोटीनें घेतलेली नाहीं तींत प्राण्याला गुंतविण्याचा कोणास अधिकार नाहीं. आंधळ्या उंदराला न दिसणाऱ्या खुणा विचारून जो प्रयोगकर्ता चार ओळींचा निकाल लिहितो तो दुहेरी अपराध करतो. त्यानें जीवाला व्यर्थ कष्टविलें आणि जगाला खोटें सांगितलें. दया आणि सत्य हीं येथें दोन निराळीं कर्तव्यें नाहींत; एकाला सोडलें कीं दुसरेंहि हातचें जातें.

आतां प्रयोगशाळेंतून आपल्या घराकडे वळूं. उंदरासाठीं जी काळजी शास्त्रज्ञ घेतात ती आपण आपल्या वडीलधाऱ्यांसाठीं घेतों काय? आजोबांना आपण पाठमोरे होऊन, दूरदर्शनचा आवाज चालू असतां, घाईनें कांहीं सांगतों. त्यांतील अर्धें त्यांच्या कानापर्यंत पोहोंचत नाहीं. आणि सायंकाळीं 'सकाळींच सांगितलें होतें, तुमच्या ध्यानांत राहत नाहीं' असा ठपका ठेवतों. जें कानांत शिरलेंच नाहीं तें ध्यानांत राहणार कसें? आजीला गांवाकडील चाळीस वर्षांच्या घरांतून उचलून शहरांतील सातव्या मजल्यावर आणतों, आणि तिला दिव्याचें बटण सांपडलें नाहीं कीं मान हलवितों. तिच्या साऱ्या खुणाच आपण बदलल्या, हें आपल्या लक्षांत येत नाहीं.

ही केवळ भावनेची गोष्ट नाहीं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमिलेल्या तज्ज्ञमंडळानें २०१७ सालीं बहिरेपणाची गणना स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु उपाय करतां येण्याजोग्या कारणांत केली, आणि २०२४ सालच्या अहवालांत उपचार न झालेल्या दृष्टिदोषाचीहि त्यांत भर घातली. म्हणजे कान आणि डोळे यांची हयगय केल्यानें वृद्ध मनुष्य विसराळू दिसतो एवढेंच नव्हे, तर तो खरोखर विसराळू होण्याचा धोकाहि वाढतो. ज्या घरांत नातवाच्या खेळण्यांस पैसा आहे त्या घरांत आजोबांच्या श्रवणयंत्रास तो नसावा, हें शोभत नाहीं.

म्हणीचा दुसराहि एक अनर्थ आहे. ती निरोगी वृद्धाचा उपहास करते, आणि रोगी वृद्धाचा उपचार लांबविते. कोणी आजोबा रोजच्या गल्लींत वाट चुकूं लागले, जन्मभर केलेला हिशेब त्यांना जमेनासा झाला, तर तें वयाचें साधें लक्षण नव्हे. तेथें वैद्यकीय सल्ल्याची त्वरा केली पाहिजे. 'साठी बुद्धि नाठी' म्हणून हंसणारें घर तेथेंहि स्वस्थ बसतें, आणि उपचाराचे महिने वायां जातात.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस यांतून काय घेतां येईल? तुमच्या शेजारीं बसणारा एखादा मुलगा फळ्यावरचें उतरून घेतांना चुकतो, हांक मारल्यास ओ देत नाहीं, म्हणून वर्गांत त्याला 'ढ' हें नांव पडतें. त्याला फळा दिसतो काय, एवढा प्रश्न कोणी विचारला आहे काय? विचारण्यास खर्च लागत नाहीं. आणि पालकहो, गुणपत्रक हातांत आल्यावर मुलाच्या बुद्धीविषयीं मत बनविण्यापूर्वीं त्याची झोंप, त्याचे डोळे, त्याच्या मनांतील धाक यांची वजाबाकी करून पाहावी. गुणपत्रक खोटें नसतें. परंतु तें चार ओळींची साक्ष असतें, संपूर्ण चरित्र नव्हे.

परीक्षा नसाव्यात असें मी म्हणत नाहीं. परीक्षेवांचून ज्ञान नाहीं. उंदरांची परीक्षा झाली नसती तर वृद्धांची स्मृति एकसारखी मावळत नाहीं, त्यांच्या मेंदूंतील पेशी सरसकट मरत नाहींत, आणि उतारवयांतहि शिकण्याची शक्ति जागवितां येते, हें आपल्याला इतक्या स्पष्टपणें कळलें नसतें. मागणें एवढेंच कीं, परीक्षक होणाऱ्यानें परीक्षेचे नियम पाळावे. आजोबांशीं बोलतांना त्यांच्या समोर बसावें, दिवा लावावा, एका वेळीं एकच गोष्ट, सावकाश, सांगावी, उत्तर येईपर्यंत थांबावें. इतकें करूनहि ते विसरले, तर आपण विसरले म्हणूं, आणि मग त्यांना आपल्या आठवणीचा आधार देऊं.